पेजेला कोणी गोड म्हणत नाही

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नालासोपाऱ्यातल्या एका दवाखान्यात. ती तिथे हजरसुद्धा नव्हती. ती होती कुडाळजवळच्या आमच्या घरी.

लग्नानंतर मी निघाले, तेव्हा तिने एसटीच्या खिडकीतून उकड्या तांदळाची पिशवी आत दिली. "काय नाय जमला तरी पेज कर," म्हणाली. "पेज पोट सांभाळता." बाकी उपदेश नाही. नवरा हसला, मुंबईकडे तांदूळ मिळत नाहीत काय? मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

इथे नालासोपाऱ्यात चौथा मजला, लिफ्ट बंद, पाणी आलं तर आलं. घरी बसून ब्लाउज शिवते आणि पाण्याच्या मोर्चाची पत्रकंही मीच लिहिते, त्यामुळे मऊ लिहायची सवय नाही.

गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "गोड बंद," आणि पुढचं नाव पुकारलं. मी गोड बंद केलं. चहा बिनसाखरेचा, केळंसुद्धा नाही. ओटी भरायला आलेल्या शेजारच्या काकूंचा पेढा परत केला, त्या अजून नीट बोलत नाहीत. भूक लागली की पेज. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, मळमळलं तर पेजेची निवळ. पेजेला आमच्याकडे कोणी गोड म्हणत नाही. मीठ घालून, लोणच्याबरोबर खातात ती.

नागपंचमीनंतरच्या त्या तपासणीत साखर आणखी चढलेली. "खोटं बोलता तुम्ही," डॉक्टर म्हणाले, सगळ्या रांगेदेखत. मी पेजेचं सांगितलं, तर हसले. "कोणी शिकवलं? आईने? तिचा अडाणीपणा बाळाला भोवेल." बाकावरच्या बायका खाली बघत राहिल्या.

हे मी आईला सांगायला नको होतं, पण फोनवर रडू आलं आणि सांगून बसले.  ती म्हणाली, "पेज तर आजाऱ्याक देतत, चेडवा. तेच्यान आजार कसो येतलो?" आणि मग, अगदी हळू, "माझ्यामुळा झाला काय गो?"

नाही झालं. विरारच्या दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं, गरोदरपणात काहींना हे होतं, कोणाच्या चुकीने नाही. त्यांनी आधी विचारलं, सकाळपासून काय काय खाल्लंत? एवढा साधा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. पेज गोड लागली नाही तरी पोटात तिची साखरच होते, म्हणाल्या. पण भात सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत. वाटीभर घ्या, पण आधी भाजी, आमटी, मासा. नुसती पेज नको. थोडं थोडं खा, उपाशी राहू नका, जेवून लगेच बसू नका. गावी पेज पिऊन आई चिखलात भात लावायला उभी राहायची. मी पेज पिऊन शिलाई मशीनवर बसत होते.

मग जेवून जवळच्या गास गावाच्या रस्त्याने शेतांपर्यंत चालायला लागले. कडेला भाजी घेऊन बसणारी एक मावशी रोज टोमणा मारायची, "इथंच बाळंत होतेस का गं?" मी मुळ्याची जुडी घेऊन परत फिरायची.

आई बाळंतपणाला आली ती कुळीथ घेऊन. "तांदूळ आणूक नाय," म्हणाली, गुन्हेगारासारखी.

शेवटी मला इन्सुलिनही लागलं. मुलगी जन्मली तशी तिला दूर नेलं, टाचेला टोचून तिची साखर तपासली. कमी होती; आईची साखर चढलेली असली की बाळाची जन्मल्यावर अशी उतरू शकते. ती काचेपलीकडे होती तोवर आई मला एकच प्रश्न विचारत होती. तो वर लिहिला आहे, पुन्हा लिहिणार नाही.

मुलगी आता बरी आहे, रांगते. आई गावी परतताना मी सांगितलं, पुढच्या खेपेला तांदूळ आण. घर म्हटलं की मला अजून त्या पिशवीचाच वास येतो. वाटी मोजून खाईन, पण त्या तांदळाची लाज मी बाळगणार नाही आणि तिलाही बाळगू देणार नाही.

तुम्ही गावी असा, नाहीतर माझ्यासारखे इथे आलेले असा, घरातल्या गरोदर बाईबरोबर तपासणीला आत जा. "गोड बंद" म्हणून पुढचं नाव पुकारलं, तर उठू नका. विचारा, भाताचं काय, भाकरीचं काय, पेजेचं काय? उत्तर मिळेपर्यंत बसून राहा.