गाडीत ठेवलेली बंदूक

निपाणीच्या गाडीतळावरून नाहीशी झालेली ती बंदूक आठवली, की आजही माझी मान थोडी खाली जाते. चोर पकडल्याच्या गोष्टी आम्ही पेन्शनर पोलीस मिशीला पीळ देत सांगतो. ही गोष्ट चोर नसलेल्या माणसाला पकडल्याची आहे, म्हणून आजवर ती फारशी कुणाला सांगितली नव्हती.

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि मी निपाणी ठाण्यात नवाच फौजदार होतो. परवान्याची बंदूक असणाऱ्याने वर्षातून एकदा ती ठाण्यात आणून दाखवायची, आम्ही नंबर ताडून पाहायचा आणि मग परवान्याचा कागद बेळगावला पाठवायचा, असा रिवाज होता. त्यासाठीच चिकोडीकडच्या एका गावचे पाटील बाजाराच्या दिवशी बैलगाडीने आले होते. साठीचे जैन गृहस्थ, शब्दाला मान असलेले. पिकात रानडुकरे शिरतात म्हणून त्यांना बारा बोअरचा परवाना मिळाला होता. पाटील हवेत बार काढायचे, डुकरे बांधापर्यंत जायची आणि पाटील घरी गेले की परत यायची. "आमच्या बंदुकीनं आजवर मुंगीबी मेली न्हाय," असे ते अभिमानाने सांगत.

हेच पाटील दुपारी बाराच्या सुमारास बोडक्या डोक्याने, पागोटे हातात धरून ठाण्यात शिरले. बंदूक गेली होती, आणि तीही ठाण्यापासून हाकेच्या अंतरावरून.

ठाण्यात येण्याआधी ते बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. शस्त्र घेऊन बस्तीची पायरी चढायची नाही, म्हणून बंदूक गाडीतच ठेवली आणि गाडीवानाच्या हवाली केली, असा जबाब त्यांनी दिला. परत येऊन पाहतात तर बंदूक नाही.

"गाडीवान पळाला का?" मी विचारले.

"न्हाय, गाडीपाशीच हाय. मला काय म्हाईत न्हाय म्हंतोय."

गाडीवान कोण, हे कळल्यावर माझ्या दृष्टीने निम्मा तपास तिथेच झाला. सरकारने काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यातल्या एका जमातीतला तो होता. अशा लोकांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत ठेवत. वागणूक चांगली दिसली तर पास मिळे आणि गावच्या पाटलाकडे रोज संध्याकाळी हजेरी लावून बाहेर राहता येई. याला पास मिळून आठ वर्षे झाली होती. बायको आणि दोन मुली गावातच होत्या. पास रद्द झाला असता तर चौघेही पुन्हा कुंपणात गेले असते. हे सगळे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही मी त्याच्या मनगटात बेडी घातली.

तासाभरात खबरही आली. गाडीतळावर बैलांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाने सांगितले, की हा गाडीवान एका परक्या गाडीवाल्याशी बोलत होता आणि तो परका कोगनोळीच्या रस्त्याने निघून गेला. पुढे संस्थानची हद्द. माल एकदा हद्दीपलीकडे गेला की आमचा हात पोचायचा नाही. साथीदार सापडला असे मला वाटले आणि मी स्वतःवर खूश झालो.

"त्या माणसाला बंदूक दिलीस?"

"न्हाय साहेब. बंदूक आणल्याली मला ठावंच न्हवती."

"पाटलांनी तुझ्या हवाली केली होती ना?"

तो गप्प राहिला. मालक खोटे बोलला असे म्हणण्याची त्याची छाती नव्हती. त्या गप्प राहण्याला मी कबुली समजलो.

"मग त्याच्याशी बोललास काय?"

"बैलांचं बोलत हुतो. त्येची बैलं उपाशी..."

"बैल राहू देत. बंदुकीचं बोल," मी त्याला तोडले. हवालदाराने दोन थोबाडीत दिल्या. मी त्या वेळी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो होतो. संध्याकाळी त्याचा पास रद्द करण्याची शिफारस लिहिली, लिफाफा लाखेने बंद केला आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या टपालात ठेवला.

गाडी आणि बैल ठाण्याच्या आवारात आणून बांधले होते. माणसाला कोठडीत उपाशी ठेवता येते, पण सरकारी ताब्यातले बैल हंबरायला लागले की सगळे ठाणे जागे होते. सकाळी एक शिपाई गाडीतल्या कडब्याचा भारा सोडून बैलांपुढे टाकू लागला, तेव्हा त्यातून एक पिशवी खाली पडली. पिशवीत सहा काडतुसे होती.

काडतुसे वैरणीत ठेवणारा माणूस बंदूकही वैरणीतच ठेवणार. गाडी अडकल्याने पाटील निपाणीतच मुक्कामाला होते. त्यांना बोलावून मी पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"बंदूक दुसऱ्या भाऱ्यात खुपसली हुती," ते म्हणाले. "मीच. परत आलो तर त्यो भाराच न्हवता. ह्येनंच काढला आसंल वाटलं."

"मग गाडीवानाच्या हवाली केली असं का लिहून दिलंत?"

"कडब्यात ठिवली म्हटलं तर परवाना जाईल, पाटीलकीबी जाईल. लोक हसतील, साहेब."

"निदान त्याला सांगून तरी जायचं. तो राखण करत बसला होता ना?"

पाटलांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "आठ वर्सं गाडी हाकतोय माझी. माझ्या लेकीला सासरी त्योच सोडून येतोय. पर बंदूक म्हटलं की मन मागं सरलं."

मी कोठडी उघडायला लावली आणि या वेळी दुसरा प्रश्न विचारला. "गाडीतला कडबा कुणाला दिलास का?"

"व्हय, दिला की," तो लगेच म्हणाला. "त्या गाडीवाल्याची बैलं सकाळपासनं उपाशी हुती. एक भारा दिला. फुडल्या बाजारी आणून देतो म्हनला."

"काल का नाही सांगितलंस?"

"तुमी बंदुकीचं इचारत हुता, साहेब."

नालबंदाला विचारले तर तोही म्हणाला, "व्हय, कडबा नेला की त्यानं. त्यात काय सांगायचं?" बाजाराला आलेल्या माणसाने शेजारच्या गाडीतली वैरण मागून घ्यायची आणि पुढच्या बाजारी परत करायची, ही इकडची जुनी पद्धत. तिला कुणी देवघेवही म्हणत नाही. मी 'चोरताना कुणी दिसलं का' असे साऱ्या गाडीतळाला विचारले होते, आणि साऱ्या गाडीतळाने खरे उत्तर दिले होते.

परक्याने आपल्या गावाचे नाव गाडीवानाला सांगितले होते. कोगनोळीच्या अलीकडचे ते गाव गाठायला आम्हाला दीड तास लागला. आम्हाला पाहताच तो शेतकरी गोठ्यात गेला आणि गव्हाणीखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेली बंदूक त्याने माझ्या पायाशी ठेवली. गाडीतळावर त्याने भाऱ्यातल्या चार पेंढ्याच उपसून बैलांना घातल्या होत्या; संध्याकाळी घरी उरलेला भारा सोडताना ती सापडली होती. त्याच्या घरात रात्रभर कुणाचा डोळा लागला नव्हता.

"ठाण्यात आणून द्यायची होतीस," मी म्हणालो.

"बंदूक हातात बघून तुमी माझं ऐकलं असतं व्हय, साहेब?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच कोठडीत बसले होते.

ठाण्यात परतल्यावर टपालातला लिफाफा काढून मी फाडला. गाडीवानाला सोडले. पाटलांनी त्याच्यापुढे हात जोडले तेव्हा त्याने घाईने ते खाली केले, "आसं करू नगा, आप्पा," असे म्हणाला आणि बैलांकडे गेला. बैल जुंपायचे सोडून तो परत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो नुकसानीचे बोलेल, निदान त्या दोन थपडांचे तरी, असे मला वाटले.

"साहेब, काल सांजची माझी हजेरी ऱ्हायली," तो म्हणाला. "वहीत जागा मोकळी दिसली तर बेळगावचं साहेब पास काढून घेतील."

आमच्याच कोठडीत असल्यामुळे चुकलेल्या हजेरीची भीती त्याला वाटत होती. मला स्वतःची लाज वाटली. मी कागद घेतला आणि लिहिले, की सदर इसम काल या ठाण्यात होता, त्याचा काही अपराध नव्हता, चूक पोलिसांची होती. खाली सही केली आणि शिक्का मारला. फौजदाराने असे लिहायचे नसते, असे हवालदाराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

पाटलांना लेखी ताकीद मिळाली, परवाना वाचला. मी ठाण्यात कुलुपाची एक लाकडी पेटी करून घेतली. बाजाराला येणाऱ्या परवानेदाराने आधी ठाण्यात यायचे, बंदूक पेटीत आणि काडतुसे वेगळी ठेवून पावती घ्यायची, मग खुशाल देवाला जावे. आज लोक मोटारीच्या सीटखाली बंदूक सरकवून लग्नाला जातात आणि ड्रायव्हरला कळू देत नाहीत, तेव्हा मला ते पाटील आठवतात. आपण जिथे लपवतो ती जागा आपल्याला सुरक्षित वाटते. खरे तर ज्याने राखायचे त्याच्यापासूनच आपण वस्तू लपवलेली असते, आणि मग ती राखायला कुणीच उरत नाही.

पुढच्या वर्षी पाटील आले ते थेट ठाण्यात. बंदूक पेटीत गेली. मी पावती पुढे केली तर ते म्हणाले, "माझ्याकडं नगं. ह्याच्याकडं द्या. बंदूक ह्यो सोडवून आणंल."

गाडीवानाने पावती ठेवायला मुंडासे सोडले. आतल्या पदराच्या गाठीत घडी घातलेला, घामाने पिवळा पडलेला एक कागद होता. तो मी लिहिलेला होता.

"ते प्रकरण तर कधीच मिटलं," मी म्हणालो. "अजून कशाला बाळगतोस?"

"असू दे, साहेब," तो गाठ पुन्हा बांधत म्हणाला. "उद्या तुमची बदली झाली तर?"

त्याच वर्षी माझी लोंढ्याला बदली झाली.