धुळीवरची तोंडी परीक्षा

लग्न होऊन मी नाशकात गंगापूर रोडला राहायला आले, तेव्हा माझी पीएच.डी. अर्धी झाली होती. विषय सक्रिय दीर्घिकांचा. अशा दीर्घिकेच्या मध्यभागी अजस्र कृष्णविवर असतं. त्यात ओढला जाणारा वायू तापून इतका उजळतो, की बाकीचे तारे फिके पडावेत. तरी पुष्कळदा आपल्याला त्यातलं काहीच दिसत नाही, कारण मध्ये धूळ असते.

सासऱ्यांची हयात विंचूरच्या कांदा बाजारात गेलेली. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आल्यागेल्याला सांगायला लागले, "सूनबाई धुळीचा अभ्यास करते." पाहुणे आमच्या टीपॉयकडे बघत. चांदवडच्या त्यांच्या मावसभावाने तर शिंकांवर औषध मागितलं.

तोंडी परीक्षा पुण्याला होती. नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासरे म्हणाले, "मी येतो."

"बाबा, तिथे नुसतं बोलणं असतं. कंटाळाल."

"बाजारात दुसरं काय असायचं?"

एसटीने गेलो. कडक इस्त्रीची टोपी घालून ते शेवटच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "प्रकाश पोचतच नाही, तर आत काही आहे हे कशावरून?"

मी सांगितलं. धूळ तो प्रकाश गिळते आणि तापते. तापलेल्या धुळीतून अवरक्त किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, उपकरणांना सापडतात. माझे सगळे आलेख त्या किरणांचेच होते. परीक्षकांनी मान हलवली.

मग श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का, असं झालं. ते रीत म्हणून विचारतात. सासऱ्यांनी हात वर केला. मी काही म्हणायच्या आत ते उभेही राहिले.

"ही धूळ कधी बाजूला होते का?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "मधला उजेड फार वाढला की तोच धुळीला बाहेर ढकलतो, असं काहींचं म्हणणं आहे. अजून नक्की ठाऊक नाही."

"म्हणजे वेळ लागल."

"लागेल. पुष्कळच."

"चालतंय," म्हणून सासरे खाली बसले. परीक्षकांना मुदत वाढवून दिल्यासारखे.

परतताना संगमनेरला चहाला उतरलो. त्यांनी बशीत फुंकर मारली. मग म्हणाले, "लय बोललीस आज. मला वाटायचं, तुला बोलताच येत नाय."

खरंच होतं. त्या घरात आल्यापासून 'हो', 'नाही' आणि 'वाढू का' यापलीकडे मी फारसं बोललेच नव्हते. मला हसू आलं, डोळेही भरले. मी आणखी एक चहा मागवला.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले. संध्याकाळी घरी आले की ते विचारत, "आज काय बोललीस?" आणि मी सविस्तर सांगत बसे. सासूबाई आतून म्हणत, "आता हिला गप्प कोण करणार?"