इज्जामावशीचं टाकं

आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर पाणी घातल्याशिवाय ताट पुढे येत नाही. या सवयीपायी गावाचा नळ गेला, आणि तो घालवला इज्जामावशीनं. तिला मात्र हे आजही मान्य नाही.

समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आमच्याच सूस प्रांताच्या किनाऱ्यावर व्हायचा ठरला, तेव्हा कोणत्या गावाला किती पाणी हवं हे बघायला शहरातून साहेब आले. पाऊस कित्येक वर्षं रुसलेला, घरोघरची टाकी कोरडी. थोडंफार होतं ते मावशीच्या टाक्यात, म्हणून पाहुणे तिच्याकडे उतरवले. बायकांनीही आपापली उरलीसुरली कळशी मागच्या दारानं तिच्याकडे पोचवली. गावाच्या अब्रूचा प्रश्न होता ना! साहेबांनी दोनदा हात धुतले, पुदिन्याचा चहा मनसोक्त प्यायले आणि आराखड्यात आमच्या गावापुढे लिहिलं: पाणी पुरेसं.

गावचा कारभार पाहणाऱ्या मुकादम बिहिनं शहरात खेटे घालून पुन्हा पाहणी मिळवली. आता ही शेवटची. त्यानं बजावलं, "मावशे, या खेपेला थेंबही काढायचा नाही!"

"मी काय खुळी आहे?" म्हणत मावशीनं टाक्याची किल्ली कमरेला खोचली.

इंजिनीअरबाई आल्या. "बसा. पाणी मात्र नाही हं," मावशी तोंड पाडून म्हणाली. आम्हाला हायसं वाटलं. पण पाहुण्यांना नुसतं कसं बसवायचं? तिनं जवाची भाकरी आणि बदामाची चटणी पुढे केली. कोरडा घास बाईंच्या ड्रायव्हरच्या घशात अडकला. ठसका थांबेना, डोळे पांढरे व्हायला लागले. बिहि नजरेनं दटावत होता तरी मावशीनं किल्ली काढलीच.

बाईंनीही पेलाभर घेतलं. "किती थंडगार!"

"पावसाचं आहे," मावशी फुलून म्हणाली. "हवं तेवढं घ्या!"

गाडी गेल्यावर बिहि कडाडला. मावशीही गप्प बसणारी नव्हे. "दारात माणूस मरू देऊ? मग नळ आल्यावर त्याच पाण्यानं त्याचं प्रेत धुतलं असतंस का?"

"ठसक्याला एक घोट पुरतो गं! 'हवं तेवढं घ्या' हे कुणी सांगितलं होतं बोलायला?"

यावर मावशी चुलीकडे वळली.

आता जलवाहिनी आमच्या घरांमागून शहराकडे आणि टोमॅटोच्या शेतांकडे चालली आहे. चर खणणारे मजूर भर दुपारी मावशीचं दार वाजवतात. मला तिचा भयंकर राग येतो, आणि तिच्यासारखं मला जमणार नाही याचाही येतो. काल तिचा पोहरा टाक्याच्या तळाला घासला. गाळ बसेपर्यंत थांबून तिनं पेले भरले आणि मजुरांना विचारलं, "अजून घालू का रे?"