आडवी फळी

मी गाव सोडलं त्या सकाळी आईनं घराला फळी लावली. आमच्या शनिशिंगणापुरात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. बाहेरचे लोक गाडीतून उतरतात, त्याचे फोटो काढतात आणि जातात. त्यांच्या फोटोत फळी येत नाही. घरातली सगळी माणसं बाहेर निघाली की चौकटीला एक लाकडी फळी आडवी टेकवायची, कुत्रं आत शिरू नये एवढ्यासाठी. पण तिचा मान मोठा. फळी दिसली की शेजारीण वाटीभर साखरेसाठीसुद्धा आत जाणार नाही. ओट्यावर बसेल, घरचं माणूस येईपर्यंत वाट बघेल.

त्या दिवशी आई आणि तात्या, दोघंही मला घोडेगावच्या फाट्यापर्यंत सोडायला निघाले होते. मी बॅग घेऊन अंगणात उभी होते. बंगळूरला नोकरी लागल्याची चार दिवसांची ऐट होतीच अंगात. म्हटलं, "आता दोघंच राहणार, एक दार बसवून घ्या की."

आईनं फळी टेकवली, पदराला हात पुसले. "दार कशाला? फळी लावली म्हंजी मानूस येनार हाय. समद्या गावाला कळतंय."

जे गावातच राहिले, त्यांना हे सांगायची गरज नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना विचारते: कुलूप लावायला तुम्ही कधी शिकलात? मला फार वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात मी फ्लॅटमधून कोथिंबीर आणायला खाली उतरले. दार सताड उघडं, आणि चौकटीला इस्त्रीचं टेबल आडवं. परत येते तो रूममेट वॉचमनला घेऊन उभी, आत चोर शिरलाय म्हणून. मी कपाळाला हात लावला. तिनंही लावला. फोनवर हे ऐकून तात्या आठवडाभर हसत होते.

माझी नोकरी म्हणजे कॉम्प्युटर गेममधल्या जागा बांधायच्या. खोल्या, जिने, भिंतींवरची ओल. आमचा गेम शांत आहे. मारामारी नाही, पॉइंट्स नाहीत, मागे कोणी लागत नाही. रिकाम्या हॉटेलचा कॉरिडॉर, कोरडा स्विमिंग पूल, सुट्टीतली शाळा, अशा जागांतून नुसतं चालत राहायचं. कुठेतरी ट्यूबलाइट गुणगुणत असते. माणसांसाठी बांधलेल्या जागेत माणसं नसली की जी भीती वाटते, तिच्यासाठी लोक तो खेळतात. आई म्हणायची, "ह्याचा पगार देत्यात व्हय तुला?"

टीमलीडनं एकदा सांगितलं की प्रत्येकानं आपल्या आठवणीतली एक जागा बांधा. मी घर बांधलं. शहाबादी फरशी, अर्ध्या भिंतीपर्यंत निळा ऑइलपेंट, पाण्याचा पिंप, साखर कारखान्याचं कॅलेंडर. सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की हीच लेव्हल सगळ्यात भीतिदायक. का, तर एकाही चौकटीला दार नाही. कोणीही कधीही आत येईल असं वाटतं, म्हणाले. येईलच की, मी मनात म्हटलं. त्यासाठीच तर उघडं आहे.

मग आई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मी पोचले तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती. त्यानंतर तात्या हळूहळू विसरायला लागले. आधी पेरणी झाली का ते, मग माझं नाव, मग आई गेली हेच. मी एकुलती एक, शेजारच्या शांताकाकूंच्या जिवावर किती दिवस ठेवणार? मी त्यांना घेऊन आले. निघताना फळी त्यांनीच टेकवली, नीट, दोन्हीकडून सारखी. हात विसरले नव्हते.

आमची बिल्डिंग पंधरा मजल्यांची. सगळे मजले एकसारखे, तेच पांढरे दिवे, तीच बंद दारं. तात्या बाहेर पडले की हरवायचे. एकदा तळघरातल्या पार्किंगमध्ये सापडले, एका खांबाला धरून उभे. जी जागा बांधायचा मी पगार घेते, तिच्यात मी माझ्या बापाला आणून सोडलं होतं. शेवटी दाराला आतूनही किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप बसवावं लागलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा ते कडीशी झगडले, मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, म्या काय चोरी केली का गं?"

मी किल्ली मुठीत लपवली आणि त्यांना खिडकीपाशी नेऊन बसवलं.

एका रविवारी दुपारी मी घरी बसून ती लेव्हल तपासत होते. तात्या मागे येऊन उभे राहिले. "आपलं घर हाय की!" किती महिन्यांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, बाणांच्या बटणांवर बोट ठेवून दिलं. ते अंगणातून आत गेले. पिंप बघितला, कॅलेंडर बघितलं. स्वयंपाकघरात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. "तुजी आई कुठंय? इथं बी न्हाई, तिथं बी न्हाई." सगळ्या चौकटी उघड्या, घर उघडं, आणि बायको कुठेच नाही. ते हाका मारायला लागले. मग रडायला लागले. मी लॅपटॉप मिटला आणि त्यांना धरून बसले. माझंही रडू थांबेना. माझे सहकारी म्हणत होते ते खरंच होतं, ती जागा भीतिदायक होती. मी माणसांशिवाय घर बांधलं होतं.

आईला त्यात आणणं शक्य नव्हतं. आमच्या गेममध्ये माणसं नसतात, आणि असती तरी तिला बनवायला माझा हात धजला नसता. मी फक्त एक गोष्ट केली. बाहेरच्या चौकटीला फळी टेकवली.

पुढच्या रविवारी तात्या अंगणात आले आणि फळीपाशी थांबले. बोट बटणावरून उचललं. "शेतात गेली वाटतं. फळी लावलीय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, येईल की. बसू ओट्यावर."

ते बसले. स्क्रीनवर ऊन होतं, पडवीचा पत्रा मधूनच वाजत होता. संध्याकाळपर्यंत ते खुर्चीत शांत बसून राहिले, आणि नंतर रोज दुपारी बसायला लागले. दाराच्या कडीशी पुन्हा झगडले नाहीत. गेम बाजारात आला तेव्हा लोकांनी तक्रार केली की त्या घरातली फळी हलत नाही, आत जाता येत नाही, दुरुस्त करा. टीमलीडनं विचारलं. मी म्हटलं, ती तशीच आहे, राहू द्या. त्यांनी ती तक्रार यादीतून काढून टाकली.

तात्या या उन्हाळ्यात गेले, त्याच खुर्चीत, दुपारी. विधी बंगळूरलाच उरकावे लागले. अस्थी घेऊन मी आले, प्रवरासंगमला सोडल्या आणि तिथून घरी गेले.

फळी तिथेच होती. तात्यांनी टेकवली होती तशीच, दोन्हीकडून सारखी. इतक्या दिवसांत गावातल्या कोणीही तिला हात लावला नव्हता. मी उचलायला वाकले, हात मागे घेतला आणि ओट्यावर बसले. ती काढली असती तर आत कोणी नाही हे मला बघावं लागलं असतं.

शांताकाकूंनी पलीकडून पाहिलं. "मने, बाहेर का बसलीस? जा की आत, तुजंच घर हाय."

"फळी लावलीय, काकू," मी म्हटलं.

त्या आल्या आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसल्या.