रूथचं मत

"हे रेकॉर्ड उडवायचं ना?" निनादनं माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच. सॉफ्टवेअरनं त्या ओळीला फ्लॅग लावला होता. फ्लॅग म्हणजे, या माणसाची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, बहुतेक टाइमपास करतोय.

निनाद आमचा मॅनेजर. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. काम काढून घ्यायचं असलं की 'वैशालीताई' म्हणतो, घाईत असला की नुसतं 'वैशाली'.

"आधी ऐकते," मी म्हटलं.

"ऐकायचं काय त्यात, वैशाली? लाल पक्षाचा कट्टर माणूस निळ्याला मत देतो? फेकतोय तो."

आमचं ऑफिस मुलुंडला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली स्प्रिंगा बनवतात, त्यामुळे दिवसभर हेडफोन लावल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि आम्ही काम करतो अमेरिकेतल्या मतदारांवर. तिकडच्या एका सर्व्हे कंपनीची माणसं फोनवर मुलाखती घेतात. मत कुणाला देणार किंवा दिलं, आणि का. 'कुणाला'चं उत्तर मशीन मोजतं. 'का'चं उत्तर लोक मनाला येईल तसं देतात, ते कुणीतरी ऐकून त्याला एक आकडा द्यावा लागतो. महागाई म्हटलं की एक आकडा, पक्षनिष्ठा म्हटलं की दुसरा. याला आमच्याकडे कोडिंग म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांचं कोडिंग वेगळं. नातेवाइकांना हा फरक समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

तिथे मुख्य पक्ष दोन. नकाशावर एक लाल, एक निळा, म्हणून ऑफिसात आम्हीही तेच म्हणायचो. माझ्या शेजारी बसणारा परब या रंगांवर पहिल्यापासून खवळून असे. त्याचे वडील गिरणी कामगार, कट्टर युनियनवाले. "लाल म्हणजे मालकांच्या बाजूचा? आणि युनियनवाले निळे? कसला यार हा देश," असं तो प्रत्येक निवडणुकीला एकदा तरी म्हणायचाच.

मी फाइल लावली. माणसाचं खरं नाव सांगता येणार नाही, वॉल्टर म्हणू. दूरच्या एका लहान गावातला, वयस्कर, पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा. तिकडे बऱ्याच राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्षही नोंदवता येतो. आपल्याकडे कुणी असा फॉर्म घेऊन आलं तर माणूस दार लावून घेईल. मत मात्र तिकडेही गुप्तच. वॉल्टर तरुणपणापासून लाल पक्षात नोंदलेला. शिवाय बंदूकवाल्यांच्या संघटनेचा सभासद. अशा संघटनांना दबावगट म्हणतात. त्या स्वतः निवडणूक लढवत नाहीत, पण कुठला उमेदवार आपल्या कामाचा ते कार्ड छापून सभासदांच्या घरी पाठवतात. वॉल्टरला दर वेळी कार्ड यायचं आणि तो त्याप्रमाणे मत द्यायचा.

या वेळी त्यानं निळ्याला दिलं होतं.

मुलाखत घेणारी बाई सरावलेली होती. तिनं विचारलं, "निळ्या उमेदवाराचं कुठलं धोरण तुम्हाला पटलं?"

"एकही नाही," तो म्हणाला.

"मग मत देण्याचं कारण?"

तो सावकाश बोलायला लागला. त्याची बायको रूथ शाळेत शिक्षिका होती. शिक्षकांच्या युनियनमध्ये होती, म्हणजे निळी. लग्न झाल्यापासून दोघं मतदानाला एकाच गाडीतून जायचे. हा लालवर खूण करायचा, ती निळ्यावर. येताना हॉटेलात पाय खायचे, म्हणजे त्यांचा तो फळांचा गोड पदार्थ. दोघांची मतं एकमेकांना कापायची, देशाच्या निकालात काही फरक नाही. गावात सगळे हसायचे, पेट्रोल कशाला जाळता म्हणून.

"या वेळी एकटा गेलो," तो म्हणाला. "लालवर खूण करणार होतो. पण मग माझं मत तसंच उभं राहिलं असतं. कापायला कुणी नाही. तिच्यावर जिंकल्यासारखं झालं असतं. मला नाही जमलं ते. म्हणून तिचं टाकून आलो."

मी हेडफोन काढून परबला दिले. त्यानं ऐकलं आणि तो एकदम गावच्या बोलीत गेला. तसा तो फार क्वचित जातो. "अगो, ह्यो म्हातारो खोटा बोलणा नाय."

"मला माहितीये. निनादला सांग."

निनादला मीच सांगितलं. त्यानं कोडची यादी काढली. "ठीक आहे, फेकत नाहीये. पण याला कोड कुठला देणार? पक्षनिष्ठा? तो तर पक्ष सोडून गेला. धोरण? एकही पटत नाही म्हणतो. कुटुंबाचा दबाव?"

"दबाव कुठे आहे? त्याची बायको गेली."

"मग 'इतर'मध्ये टाक आणि पुढे चल. पण त्याच्या उत्तराचं वेट बघ. त्याच्यासारखे म्हातारे फोनवर शेवटपर्यंत टिकत नाहीत, म्हणून त्याचं एक उत्तर बऱ्याच जणांच्या जागी मोजलं जातं. उद्या क्लायंट म्हणेल, गावाकडचे लाल मतदार निळे व्हायला लागले."

हे मात्र त्याचं बरोबर होतं. रिपोर्टमध्ये तळटीप द्यायची असं ठरलं आणि वॉल्टरचं उत्तर 'इतर'मध्ये गेलं. तिथे काम संपायला हवं होतं.

पण फाइल अजून थोडी उरली होती. मुलाखत संपल्यावर बाई ठरलेलं वाक्य म्हणते, तुम्हाला काही विचारायचं आहे का. लोक नाही म्हणून फोन ठेवतात. वॉल्टरनं विचारलं.

"तुम्ही हे फोन रेकॉर्ड करता ना? मागच्या निवडणुकीला तुमचा फोन आला होता तेव्हा रूथ स्वयंपाकघरात होती. मधे मधे बोलत होती. माझ्याकडे तिचे फोटो आहेत. आवाज नाही. फोनच्या निरोपाच्या मशीनवर होता, तो वादळात वीज गेली तेव्हा पुसला गेला. तुमच्याकडे असेल तर बघाल का?"

बाईनं सांगितलं, सुपरवायझरला कळवते. तिचा आवाज थोडा बदलला होता. मग फोन बंद झाला.

आमचा हा सर्व्हे त्याच त्याच माणसांना दर निवडणुकीला विचारणारा. म्हणजे मागची फाइल तुलनेसाठी सर्व्हरवर असणार. मला शोधायची गरज नव्हती, ते माझं काम नव्हतं. मी शोधली.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा घरात कॅमेरा होता, रेकॉर्डिंगचं काही नव्हतं. ती मला 'वशे' म्हणायची. हाकेतला शब्द आठवतो, हाक आठवत नाही. कधी कधी भांडी घासताना वाटतं, आत्ता येईल कानात. येत नाही. म्हणून मी ती फाइल लावली. दुसरं कारण नाही.

वॉल्टर उत्तरं देत होता आणि मागे नळ चालू होता. मग रूथचा आवाज. जरा जाडसर, हसरा.

"कोण आहे रे?"

"सर्व्हेवाले. मत कुणाला देणार विचारतायत."

"त्यांना सांग, लिहून घेऊ नका. चार वाजता जाऊन मी ते कापून येणार आहे."

ताटल्या वाजल्या. ती पुढेही काहीबाही बोलत होती. सूप गार होतंय. तो चष्मा शोधत होता तर म्हणाली, तुझ्या कपाळावर आहे. मी तिथेच थांबवलं. परब माझ्याकडे बघत होता.

"रडतेस काय गं?"

"नाही."

"मला दे."

निनादनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "वैशालीताई, वाट लागेल आपली. रेकॉर्डिंग बाहेर द्यायचं नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. आणि या वेळचा रिपोर्ट गेला की मागच्या निवडणुकीच्या फाइली पुसायच्या, तेही आहे."

"म्हणूनच आत्ता विचारू या ना क्लायंटला."

"विचारू. पण बोलायचं तूच."

संध्याकाळी, तिकडचं ऑफिस उघडल्यावर, कॉल लागला. क्लायंटकडची मेगन तुटक बोलणारी बाई. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं, मग म्हणाली दोन मिनिटं थांबा, आणि त्यांच्या वकिलाला विचारून परत आली.

"नाही जमणार. त्याची परवानगी आमच्याकडे आहे, तिची नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं रेकॉर्ड करू का म्हणून."

"ती आता नाहीये."

"तोच प्रश्न आहे. विचारणार कुणाला?"

निनादनं मला हातानं खूण केली, पुरे. मी विचारलं, "आणि ट्रान्स्क्रिप्ट? त्याच्या स्वतःच्या मुलाखतीचं?"

"ते त्याला मागता येतं. नियमात आहे."

"पूर्ण?"

"ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे टाइप करणाऱ्याला जे ऐकू येतं ते. तुम्हाला काय ऐकू यावं, हे मी नाही सांगू शकत." आणि तिनं पुढचा विषय काढला.

ट्रान्स्क्रिप्ट करताना मागे कुणी बोललं तर आम्ही 'मागे आवाज' एवढंच लिहितो आणि पुढे जातो. या वेळी मी प्रत्येक शब्द लिहायचा ठरवला. दुपारचा डबा झाला की मी आणि परब बसायचो. एकाच्या कानाला एक बाजू, दुसऱ्याच्या दुसरी. खालून स्प्रिंगांचा खडखडाट, इकडे अमेरिकेतला नळ. ती 'फोर' म्हणाली की 'डोअर', यावर आमचं चांगलंच भांडण झालं.

"चार वाजता म्हणतेय रे!"

"दार म्हणतेय. दाराकडे जा म्हणतेय."

"मतदानाचं बोलतेय, दार कुठून आलं?"

शेवटी निनाद आला, आमच्या हातातून हेडफोन घेतले, ऐकलं आणि म्हणाला, "चार." मग जागेवर न जाता तो तसाच उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला. हेडफोन परत देताना म्हणाला, "कपाळावरचा चष्मा. माझे आजोबा पण असेच," आणि निघून गेला.

एका जागी मात्र काही केल्या कळेना. नळ जोरात सोडलेला, त्याच्यामागे ती बोलतेय. शब्द लागत नव्हते. न कळलेल्या जागी आम्ही टिंबं देतो. मीही दिली, आणि कागद मेगनकडे पाठवले. ते पोस्टानं वॉल्टरला गेले.

मग फाइली पुसायचा दिवस आला. यादी माझ्याकडेच होती. सगळ्यांच्या एकदमच पुसल्या जातात, वेगळं काही करावं लागत नाही. आदल्या दिवशी मी रूथला एकदा शेवटचं ऐकलं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवावं असं मनात आलं नाही असं नाही. पण तो आवाज माझा नव्हता. माझ्याकडे राहून उपयोगही नव्हता. ज्याला हवा होता तो तिकडे कागद हातात घेऊन बसला असणार. सकाळी येऊन मी बटण दाबलं. परब चहाला बाहेर गेला होता, मुद्दाम गेला असावा.

काही आठवड्यांनी मेगन एका कॉलवर कामाचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुमच्या त्या माणसाचा फोन होता. थँक्यू म्हणाला. आणि विचारतोय, दुसऱ्या पानावर टिंबं आहेत तिथे ती काय म्हणाली?"

फाइल गेली होती. परत ऐकायची सोय नव्हती.

परबनं माईक बंद केला. "सांग ना काहीतरी. चांगलंसं. कोण बघायला जाणार आहे?"

मला ते सहज करता आलं असतं. एखादं गोड वाक्य, त्याच्या बायकोच्या तोंडी शोभेल असं. तोपर्यंत तिच्या बोलण्याची ढब मला पाठ झाली होती. पण मग त्यानं ते वाक्य उरलेलं आयुष्य तिचं म्हणून सांभाळलं असतं, आणि ते मुलुंडच्या एका बाईचं असतं.

मी माईक चालू केला. "त्याला सांगा, तिथे नळ जोरात चालू आहे. ती बोलतेय, हे नक्की. बरंच बोलतेय. शब्द मला कळले नाहीत. बोलता बोलता मधेच हसलीये, ते मात्र मी ऐकलं."

हसण्याचं खरं होतं. हसू टाइप करायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून ते कागदात आलं नव्हतं.

"सांगते," मेगन म्हणाली.

पुढच्या निवडणुकीत वॉल्टरनं कुणाला मत दिलं, मला माहीत नाही. ते कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मतदार मत का देतो, यावर त्यांच्याकडे आता आमच्यापेक्षा मोठी कोडयादी आहे म्हणतात.

माझ्याकडे नवीन मुली शिकायला येतात तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट बजावते. टिंबं द्यायची घाई करू नका. आणि कुणी हसलं असेल तर लिहा, कंपनीच्या फॉरमॅटमध्ये बसत नसलं तरी.