दुसरा डबा

शाळेत बाईंनी मला ट्रिपलचा अर्थ विचारला, तेव्हा मी उभं राहून ठणकावून सांगितलं, "बाबा उद्या येणार." सगळा वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर 'तिप्पट' लिहिलं. उल्हासनगरच्या आमच्या गल्लीत मात्र माझंच उत्तर बरोबर ठरलं असतं.

बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. एक पाळी म्हणजे सिंगल, लागोपाठ दोन म्हणजे डबल, आणि दिवाळीच्या तोंडावर क्वचित ट्रिपल. आमच्या घरात इंग्रजी शिरलं ते एवढंच. डबल असलं की रात्रीचा डबा वेगळा जायचा. शेजारचे काका तिकडेच दुसऱ्या कारखान्यात दुपारच्या पाळीला होते. ते थोडी वाट वाकडी करून डबा बाबांच्या गेटवर वॉचमनकडे देत.

हे सगळे डबल आईच्या डबल रूमसाठी होते. बदलापूरला शिरगावात दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. बाईमाणसाला लुगडं बदलायचं तर सगळ्यांना बाहेर काढावं लागू नये, एवढीच तिची हौस. मोठी मागणी नव्हती हो ती.

एके दिवशी आईने पुन्हा बदलापूरचा विषय काढला. बाबा घाईघाईने म्हणाले, उद्या डबल आहे. आईने उत्साहाने दुसरा डबा भरला, काकांबरोबर पाठवला. रात्री बाबा आले तेव्हा तिने नेहमीप्रमाणे भाजी कशी झाली होती ते विचारलं.

"छान होती," बाबा म्हणाले.

सकाळी बाबा अंघोळीला गेले होते, तेवढ्यात काकू डबा परत घेऊन आल्या. भरलेला, भाजी आंबलेली. कारखान्याला टाळं लागलं होतं, गेटवर वॉचमनसुद्धा नव्हता. नंतर कळलं, बाबा कितीतरी दिवस नुसते घरातून निघत होते आणि चिखलोलीच्या धरणाकडे जाऊन बसत होते. खोटं बोलताना बिचाऱ्यांना डब्याची आठवण राहिली नाही. मालकाचा मला आजही संताप येतो, पण त्या "छान होती"चं रडू येतं.

 आईने पुन्हा स्वयंपाक केला, दोन डबे भरले आणि बाबा चपला घालत असताना त्यांच्यापुढे ठेवले.

"अहो, दोन्ही बरोबरच न्या. गेटला कुलूप आहे म्हणे."

बाबा चपलांसकट उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी ते कुठेच गेले नाहीत. दुपारी आम्ही दोन्ही डबे घरातच उघडले.

बाबांना पुन्हा धड काम मिळालं नाही. बदलापूरचं नाव घरात परत निघालं नाही. आई त्याच एका खोलीत अंथरुणाला खिळली आणि तिथेच गेली. शेवटी शेवटी तिचे कपडे मी बदलायचे. तेव्हा बाबा न सांगता उठायचे आणि गल्लीत भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.