अननसाच्या पानाचा काटा

अननसाचा वास आला की मी कामाला होते ते जालन्याजवळचं शेडनेट आठवतं. लॅबमध्ये टिश्यू कल्चरनं, म्हणजे बाटलीत तुकडे वाढवून, एकाच बिनकाट्याच्या झाडापासून केलेली आमची रोपं तिथं वाढत होती आणि दुसऱ्या दिवशी भोकरदनचा एक शेतकरी ती न्यायला येणार होता. पाणी देताना एका पानाच्या कडेचा काटा माझ्या बोटात घुसला. शेजारच्या रोपालाही काटे! मी हाक मारली. लॅबच्या बाई धावत आल्या आणि पुटपुटल्या, "एका रोपाचे तुकडे करून दुसरं, त्याचे करून तिसरं, असं करत लई पुढं गेलो आपण. रोपं बदलली." मी विचारलं, "काटे न्हाईत ती तरी देऊ?" "बिलकुल न्हाई. त्यांच्यात काय बदललंय ते फळ येईपर्यंत कळणार न्हाई." त्यांनी लगेच शेतकऱ्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. आज मी स्वतः रोपं विकते, आणि गुळगुळीत पानांचीच मला जास्त धास्ती वाटते.